‘नो मीट’ म्हणून भागत नाही : सिंगापूरच्या फूड कोर्टातलं शाकाहारी जेवण

मुलं शिकायला किंवा नोकरीला सिंगापूरला गेली की मागोमाग आईवडीलही महिना-दीड महिना तिथं राहून येतात. घराखालच्या फूड कोर्टात काय खावं, काय टाळावं, या विषयावर आलेल्या पत्रांतली काही निवडक पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांसाठी सिंगापूरला शिकायला चालली आहे. वसतिगृहात स्वयंपाकाची सोय नाही. आम्ही अंडंही खात नाही. रोज भारतीय हॉटेलात जेवणं परवडणार नाही. फूड कोर्टात तिला पोटभर आणि खात्रीचं काही मिळेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मिळेल. फक्त कुठल्या गाळ्यावर जायचं हे आधी कळायला हवं. मॉलमधलं वातानुकूलित फूड कोर्ट, सरकारी इमारतीतलं उघडं हॉकर सेंटर आणि वसाहतीखालचं कॉफी शॉप, या तिन्हींची घडण सारखीच. मधे टेबलं, कडेला गाळे, प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळा आणि भांडीही वेगळी. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना १९७१ ते १९८६ या काळात सरकारनं छपराखाली आणलं, त्यातून ही हॉकर सेंटरं उभी राहिली. २०२० साली युनेस्कोनं ही खाद्यसंस्कृती आपल्या वारसा यादीत घेतली. त्यामुळे गाळा स्वस्त असला तरी दर्जा हलका असेल असं धरून चालू नका.

तुमच्या मुलीनं शोधायचा तो चिनी शाकाहारी गाळा. भारतीय गाळ्यापेक्षा हा जास्त ठिकाणी सापडतो आणि सहसा स्वस्तही पडतो. पाटीवर ‘व्हेजिटेरियन’ असं बहुधा इंग्रजीत असतं; नसलं तर ‘सू’ हे चिनी अक्षर ओळखायला शिकावं. त्याची वरची बाजू म्हणजे एका उभ्या दांडीवर तीन आडव्या रेघा. खाली दोरा दुमडल्यासारखे दोन कोन, आणि तळाशी मधली एक उभी रेघ नि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा फटकारा. खालचा तो भाग खरोखरच धाग्याचा आहे, कारण या अक्षराचा मूळ अर्थ न रंगवलेलं, साधं रेशीम. त्यावरून साधं जेवण ते ‘सू’. पाटीवर बऱ्याचदा कमळ असतं आणि स्वस्तिकही दिसतं. ते बौद्ध स्वस्तिक आहे, आपल्या स्वस्तिकाच्या उलट्या दिशेनं वळलेलं. ते पाहून हा गाळा भारतीय माणसाचा असेल असं समजू नका.

मागवायची रीत अशी. आधी खालचा थर सांगायचा: बी हून, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या शेवया; क्वे तियाव, म्हणजे तांदळाच्याच रुंद पट्ट्या; पिवळे नूडल्स; किंवा भात. मग काचेमागच्या ट्रेंकडे बोट दाखवून दोन-तीन पदार्थ निवडायचे: परतलेला कोबी, मुगाचे लांब मोड, टोफू, सोयादुधाच्या सायीची गुंडाळी, कारलं, नारळाच्या दुधातली बटाट्याची करी. ‘करी?’ असं विचारतील तेव्हा हो म्हणावं, एरवी शेवया कोरड्या लागतात. शेवटी ‘हॅविंग हिअर ऑर ता पाव?’ असा प्रश्न येतो. ता पाव म्हणजे बांधून नेणं. काही ठिकाणी डब्याचे २०-३० सेंट वेगळे लागतात. शेवया आणि तीन पदार्थ यांना साधारण ३ ते ५ सिंगापूर डॉलर पडतात. कोबी-मोड स्वस्त, नकली मांसाचे तुकडे महाग, आणि ताट महाग होतं ते या तुकड्यांनीच.

पिवळे नूडल्स टाळलेले बरे. गव्हाचे असतात, पण काही प्रकारांत अंडं असतं. बी हून आणि क्वे तियाव तांदळाचे, तिथं हा घोळ नाही. मात्र गाळा शाकाहारी असला तरी अंडं विकत असू शकतो, कारण चिनी शाकाहारी लोकांपैकी काही अंडं खातात, काही खात नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी ‘यौ तान मा?’ असं विचारावं, म्हणजे ‘यात अंडं आहे का?’ नको असेल तर ‘पू याओ तान’. पुढच्या वेळी चेहरा ओळखीचा झाला की विचारावंही लागत नाही.

वेळेचं मात्र जपावं लागतं. बी हूनचे गाळे न्याहारीचे. सकाळी लवकर उघडतात आणि त्यातले पुष्कळ दुपारी दोन-अडीचला आवरतात. अकरानंतर ट्रेमधल्या शेवया वाळायला लागतात आणि तळलेल्या सायीच्या गुंडाळ्या तेल पिऊन मऊ पडतात. तेव्हा न्याहारी आणि दुपारचं जेवण इथं करावं, आणि रात्रीसाठी मॉलमधलं फूड कोर्ट किंवा भारतीय गाळा हेरून ठेवावा. मिडल रोडवरच्या फॉर्च्यून सेंटर या इमारतीत शाकाहारी खाणावळी एकाला लागून एक आहेत. जवळच वॉटरलू स्ट्रीटवर क्वान यिम या बौद्ध करुणादेवतेचं देऊळ आणि त्याला खेटून श्रीकृष्णाचं देऊळ आहे. चिनी भाविक दोन्हीकडे उदबत्ती लावतात. त्या भागात उपाशी राहायची वेळ यायची नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसखाली ‘शाकाहारी’ गाळा नाही, पण वीस-पंचवीस ट्रे मांडलेला भात-भाजीचा गाळा आहे. त्यातल्या फक्त भाज्या घेतल्या तर चालेल ना? मी ‘नो मीट’ असं स्पष्ट सांगतो.
– एक वाचक, सध्या सिंगापूर, मूळचे डोंबिवलीचे

उत्तर : तुम्ही काटेकोर शाकाहारी असाल तर चालणार नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते याच गाळ्यावर.

आधी नावाचा गोंधळ. या गाळ्याला ‘त्साय फान’ म्हणतात. त्साय म्हणजे भाजी, फान म्हणजे भात. पण त्सायचा दुसरा अर्थ भाताबरोबरचं कुठलंही तोंडीलावणं. डुकराच्या मांसाचा रस्साही त्साय आणि माशाचा तुकडाही त्साय. तेव्हा नावावर विसंबू नका.

‘नो मीट’ची अडचण त्याहून मोठी. चिनीत ‘रौ’ म्हणजे मांस, पण कुठल्या प्राण्याचं ते सांगितलं नसेल तर ऐकणारा डुकराचं मांस असंच धरतो. तुम्ही ‘नो मीट’ म्हणालात की समोरच्याला ‘डुक्कर नको’ असं ऐकू येऊ शकतं. मग तो अगदी प्रामाणिकपणे ताटात कोंबडीचा रस्सा किंवा माशाच्या गोळ्या वाढतो. आपलं ‘व्हेज’ही तिथं उपयोगी नाही; त्याचा अर्थ ‘भाजी’ होतो आणि ‘ओके, व्हेज’ म्हणत तो कोबीवर खिम्याचा रस ओततो. ‘व्हेजिटेरियन’ हा पूर्ण शब्द वापरा आणि पुढे यादी म्हणा: नो पोर्क, नो चिकन, नो फिश, नो प्रॉन, नो ऑयस्टर सॉस. चिनीत एकच वाक्य पाठ करायचं असेल तर ‘वो छ सू’, म्हणजे ‘मी सू खातो’. सांगणाऱ्याचा उच्चार फसला तरी ‘सू’ कळतं.

आता ट्रेकडे पाहा. पालेभाजीवर चमकणारा तपकिरी रस बहुधा ऑयस्टर सॉसचा असतो, म्हणजे आपल्याकडच्या कालवांचा. कोबीत बारीक गुलाबी तुकडे दिसले तर ते सोडे. वांग्यावर आणि टोफूवर बऱ्याचदा खिमा असतो. नाळीची भाजी दिसायला साधी, पण ती बहुतेकदा बलाचान घालून परततात; बलाचान म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी खारवून, आंबवून केलेली वडी. डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथंही लसणाच्या फोडणीत डुकराची चरबी किंवा चिकन पावडर असू शकते. एवढ्यातून सुटलात तरी वाढायचा चिमटा एकच असतो, तो मांसाच्या ट्रेतून थेट भाजीच्या ट्रेत जातो.

सोडे-कालवं चालणारे, फक्त मांस टाळणारे लोक इथं जेवू शकतात. बाकीच्यांनी साधा भात इथून घ्यावा आणि तोंडीलावणं दुसऱ्या गाळ्यावरून आणावं. फूड कोर्टात दोन गाळ्यांचं एका टेबलावर खाणं अगदी रुळलेलं आहे, कोणी काही म्हणत नाही.

याच जातीचे आणखी काही पदार्थ नावावरून किंवा रूपावरून शाकाहारी वाटतात. ‘कॅरट केक’मध्ये गाजर नसतं आणि तो केकही नसतो, मुळा आणि तांदळाच्या पिठाची वडी अंड्यात परततात, तीही बऱ्याचदा चरबीत आणि वरून माशाचा सॉस. रोजाक म्हणजे फळं-भाज्यांची कोशिंबीर, पण तिच्या काळ्या चटणीत कोळंबीचा लगदा असतो. योंग ताऊ फू म्हणजे टोफू, भेंडी, मिरची असं सगळं मांडलेलं असतं आणि त्यातल्या बऱ्याच वस्तूंत माशाचा वाटलेला लगदा भरलेला असतो. लाक्सा म्हणजे नारळाच्या दुधाच्या रश्श्यातले नूडल्स, त्याच्या वाटणात सोडे. पोपियाच्या गुंडाळीत सोडे आणि अंडं. नासी लेमाकचा भात मात्र नारळाच्या दुधातला, शुद्ध. त्याच्या बाजूची लाल चटणी आणि कुरकुरीत वाळवलेली मासळी काढायला सांगून नुसता भात आणि शेंगदाणे घेता येतात.

हे सगळे पदार्थ शाकाहारी गाळ्यावरही कधीकधी मिळतात, तेव्हा अंड्याचं तेवढं विचारून बिनधास्त खावेत. तिथली लाल चटणी बलाचानशिवाय केलेली असते आणि ऑयस्टर सॉस अळिंबीचा असतो. नाव तेच, ऐवज वेगळा.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. चिनी शाकाहारी गाळ्यावर कांदा-लसूण घालत नाहीत असं ऐकलं. खरं आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जुन्या वळणाच्या, बौद्ध रिवाज पाळणाऱ्या गाळ्यांवर खरं आहे. त्यांच्याकडे पाच उग्र वनस्पती वर्ज्य मानतात. त्यात लसूण, पातीचा कांदा, लसणाच्या वासाची चपटी पात आणि छोट्या गड्ड्याचा एक कांदा या चार. पाचवी कोणती? हिंग! चिनी ग्रंथांतलं तिचं नाव ‘शिंग छ्यू’ हे संस्कृत ‘हिंगु’वरूनच गेलेलं. आपण कांदा-लसूण सोडला की त्याच्या जागी हिंग घालतो, त्यांनी तिघांनाही एकाच दावणीला बांधलं. तेव्हा कौतुकानं हिंगाची डबी पुढे करू नका.

पण कांदा-लसूण नाही म्हणजे जैन जेवण झालं असं नाही, कारण कंदमुळांची त्यांना अडचण नाही. गाजर, मुळा, बटाटा, अळकुडी, कमळाचा कंद हे सगळं सर्रास असतं. आलं तर जवळपास प्रत्येक फोडणीत. अळिंबी भरपूर, आणि ‘लो हान चाय’ या मिश्र भाजीत दोन-तीन जातींची. शाकाहारी कोळंबी म्हणून जो पांढरा-गुलाबी लवचिक तुकडा मिळतो तो कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाचा, आणि कोंजॅक हा आपल्या सुरणाच्याच कुळातला. हे फारसं कोणी सांगत नाही.

तुमच्यासाठी ताट असं लावता येईल: साधा भात किंवा बी हून (यातही गाजराचे काप असतात, बाजूला काढावे लागतील), कोबी, साधा टोफू, सायीची गुंडाळी, कारलं किंवा चवळीच्या शेंगा. आल्याचं विचारून घ्या. फोडणी सकाळीच एकदम झालेली असते, त्यामुळे ‘आलं न घालता करून द्या’ असं ट्रेच्या गाळ्यावर सांगून उपयोग नसतो. मागणीनुसार कढईत करून देणाऱ्या गाळ्यावर मात्र जमतं. मॉलमधले नव्या धाटणीचे काही शाकाहारी गाळे लसूण खुशाल वापरतात, तेव्हा ‘नो ओनियन, नो गार्लिक’ हे दर ठिकाणी नव्यानं विचारावं. चातुर्मासात लिटल इंडिया या भारतीय वस्तीतलं दक्षिण भारतीय किंवा मारवाडी-गुजराती हॉटेलच सोयीचं, असं आमचं मत.

प्रश्न : शाकाहारी गाळ्यावर बदक, मटण, मासा असं सगळं टांगलेलं आणि मांडलेलं असतं. हुबेहूब! खात्री कशी धरायची? आणि ते असतं कशाचं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : गाळा शाकाहारी असेल तर ते मांस नाही एवढी खात्री धरा. खरं मांस आणि नकली मांस एकाच गाळ्यावर विकत असतील तर मात्र लांब राहा. तळणाचं तेल एकच असतं.

कशाचं, याची उत्तरं चार. लाल कडेचे ‘चार सिउ’ (भाजलेल्या डुकराच्या मांसाची नक्कल) काप आणि चिवट ‘बदक’ हे गव्हाच्या चिवट भागाचं. कुरडया करणाऱ्या घरात हे चटकन कळेल. आपण गहू तीन दिवस भिजवून वाटतो, गाळतो, खाली बसलेला पांढरा चीक ठेवतो आणि वरचा चोथा टाकतो किंवा गुरांना घालतो. ते उलटं करतात. कणकेचा घट्ट गोळा मळून, थोडा वेळ झाकून ठेवून, पाण्याखाली चोळत राहतात. पांढरं पाणी, म्हणजे आपला चीक, वाहून जातो. हातात रबरासारखा ताणणारा पिवळट गोळा उरतो. तोच उकडतात, तळतात, सोया सॉसमध्ये शिजवतात. घरी करून पाहायचं असेल तर पाणी निवळ येईपर्यंत पाच-सहा वेळा बदलावं लागतं. पहिल्या दोन पाण्यांत गोळा फुटल्यासारखा वाटतो. घाबरून टाकू नका, चोळत राहिलं की पुन्हा सांधतो. अर्धा किलो मैद्यातून फार तर दीडेक वाटी ऐवज निघतो. मैद्याचा गोळा लवकर सांधतो, चक्कीच्या कणकेत कोंडा अडचण करतो.

दुसरं, सोयादुधाची साय. दूध तापत ठेवलं की वर साय धरते, ती काडीनं अखंड उचलून वाळवतात. तिचे थर एकावर एक घालून गुंडाळले की ‘हंस’, आणि त्याला खालून काळपट समुद्री पाल्याचा कागद चिकटवला की ‘मासा’. कागद म्हणजे माशाचं कातडं. चारांतलं खाण्यासारखं हेच, हे आमचं प्रामाणिक मत. तिसरं, अळिंबीचे देठ आणि सोयाचा चुरा दाबून केलेलं ‘मटण’. चौथं, वर आलेला कोंजॅक.

सावधगिरी तीन ठिकाणी. यातले बरेच तुकडे कारखान्यातून गोठवलेले येतात आणि बांधून राहावेत म्हणून त्यांत अंड्याचा पांढरा बलक किंवा दुधाची प्रथिनं घातलेली असू शकतात. अंडं न खाणाऱ्यांनी गाळेवाल्याला पाकीट दाखवायला सांगावं. विचारल्यावर पुष्कळ जण दाखवतात. गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिॲक असणाऱ्यांनी या गाळ्यावर सोया सॉससुद्धा टाळावा, कारण त्यातही गहू असतो. म्हणजे जवळजवळ सगळाच गाळा टाळावा. आणि रक्तदाब असणाऱ्यांनी एका ताटात एकच नकली तुकडा घ्यावा, कारण ते खारट असतात आणि वर पुन्हा खारट रस येतो.

मांसाची चव कधीच न घेतलेल्या माणसाला यातली गंमत कळत नाही, उलट शिसारी येते, अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते. साहजिक आहे. हे पदार्थ मुळात इतर दिवशी मांस खाणाऱ्यांसाठी आहेत. आपण कोबी-टोफूला बोट दाखवावं.

प्रश्न : भारतीय गाळा दिसला की डोळे झाकून जेवलं तर चालेल ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. फूड कोर्टातला भारतीय गाळा पुष्कळदा भारतीय मुस्लिम पद्धतीचा असतो. प्राटा, म्हणजे पदर सुटलेला पराठा, साधा घ्या; अंड्याचा प्राटा त्याच तव्यावर होतो हे धरून चाला. सोबतची वाटी न विचारता मटण किंवा माशाच्या रश्श्याची येते. डाळ मागा, पण आधी ‘दाल्चा’ आहे का ते विचारा. दाल्चा हीही डाळच, पण तीत बऱ्याचदा मटणाची हाडं असतात. साखर मागितलीत तर तीही देतात, आणि गरम प्राट्याबरोबर ती वाईट लागत नाही.

‘हलाल’ पाटीचा शाकाहाराशी संबंध नाही. त्या गाळ्यावर डुकराचं मांस आणि चरबी नाही एवढं तिच्यावरून कळतं.

खात्रीची जागा म्हणजे दक्षिण भारतीय शाकाहारी गाळा: तोसाय, म्हणजे आपला डोसा, इडली, सांबार. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये असे गाळे आहेत, मात्र तिथंच शेजारी मटण बिर्याणीचेही आहेत आणि इमारतीत मासळी-मटणाचा बाजारही आहे. वास सहन होत नसेल त्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्रश्न : एकादशी, चतुर्थीला सासूबाईंना काय द्यावं? आणि चहाचं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उपासाला कापलेल्या फळांचा आणि उसाच्या रसाचा गाळा आहेच. पण गोडाच्या गाळ्यावर ‘बुबुर चा चा’ असतो तो नक्की पाहा. रताळं, अळकुडी, साबुदाणा, नारळाचं दूध आणि साखर. साबुदाण्यातला ‘साबू’ हा मुळात मलय भाषेतला सागू, म्हणजे माहेरचाच पदार्थ. अळकुडी उपासाला चालते की नाही हे घराघरावर आहे. वाटी ढवळून बघा मात्र: काही गाळेवाले त्यात चवळी घालतात, मग उपास मोडला. खरबूज-साबुदाण्याची थंड वाटीही मिळते. रंगीत जेलीच्या बाबतीत विचारावं. अगर-अगरची असेल तर समुद्री शेवाळाची, जिलेटिनची असेल तर प्राण्याची.

चहाला ‘ते’ म्हणतात आणि नुसतं ‘ते’ म्हटलं की गोड घट्ट दूध घालून देतात. ‘ते सी’ म्हणजे आटवलेलं बिनसाखरेचं दूध आणि वेगळी साखर, ‘ते ओ’ म्हणजे बिनदुधाचा पण साखरेचा, ‘कोसोंग’ जोडलं की बिनसाखरेचा, ‘स्यू दाय’ म्हणजे कमी गोड. सासूबाईंना मधुमेह असेल तर ‘ते सी कोसोंग’. आल्याचा चहा हवा असेल तर ‘ते हालिया’. कॉफीला हेच सगळे शब्द ‘कोपी’च्या पुढे लावायचे. पारंपरिक कोपीच्या बिया साखर आणि लोणी किंवा मार्गारीन घालून भाजतात. दूधही न घेणाऱ्यांनी काळी कोपी घेताना हे लक्षात ठेवावं.

प्रश्न : काही दिवशी शाकाहारी गाळ्यावर प्रचंड रांग असते आणि साडेअकरालाच सगळं संपतं. हे दिवस आधी कळतात का?
– एक वाचक, सध्या सिंगापूर

उत्तर : घरातल्या मराठी दिनदर्शिकेवरून कळतात. चिनी चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी एरवी मांस खाणारे अनेक लोक शाकाहार पाळतात. पहिला दिवस आपल्या अमावास्या-प्रतिपदेच्या आसपास येतो, पंधरावा पौर्णिमेच्या. त्या दोन दिवशी दहाच्या आत जाऊन या किंवा बांधून आणा. त्यांच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस नऊ सम्राट-देवांच्या उत्सवाचे. बहुतेक वर्षी ते आपल्या शारदीय नवरात्राच्या दिवसांतच पडतात. अधिक महिन्याचा हिशेब दोन्हीकडे जुळला नाही की मागेपुढे होतात. या नऊ दिवसांत एरवी नसलेले पदार्थही गाळ्यावर दिसतात, आणि नवरात्रात कांदा-लसूण न खाणाऱ्यांची आपोआप सोय होते.

प्रश्न : आईबाबा पहिल्यांदाच येत आहेत. ते दुपारी एकटेच खाली जेवायला जातील. जेवणापलीकडे त्यांना काय सांगून ठेवू?
– एक वाचक, मूळचे कोल्हापूरचे

उत्तर : टेबलावर नुसतं कागदी रुमालांचं पाकीट किंवा छत्री पडलेली दिसली तर ते कोणी विसरलेलं नाही. जागा धरलेली आहे, तिथं बसू नये. त्यांनीही तसंच पाकीट ठेवून मग रांगेत उभं राहावं. पाकीट जवळ असू द्या, कारण गाळ्यावर हात पुसायला सहसा काही मिळत नाही.

थोडी सुटी रोकड द्या. छोट्या गाळ्यांवर तिथल्या फोनवरून पैसे घेतात, पण पाहुण्यांचं भारतीय कार्ड चालेलच असं नाही.

ताट उचलून ठेवणं सक्तीचं आहे. हॉकर सेंटरमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून आणि कॉफी शॉप, फूड कोर्टात १ जानेवारी २०२२ पासून त्यासाठी दंडाची तरतूद लागू झाली. पहिल्या वेळी लेखी ताकीद मिळते, दुसऱ्या वेळी ३०० डॉलरचा दंड होऊ शकतो. ट्रे ठेवायच्या घडवंच्या दोन असतात, एक हलाल आणि एक बिगर-हलाल, कारण भांडी वेगळी धुतात. शाकाहारी गाळ्याचं ताट कुठं ठेवायचं ते त्याच्या ट्रेच्या रंगावरून किंवा गाळ्यावरच्या पाटीवरून ठरतं. जेवण घेतानाच ‘ट्रे रिटर्न व्हेअर?’ असं विचारून ठेवलं की रिकामं ताट हातात धरून फिरायची वेळ येत नाही.